माघीने बुडवलेली होडी

जव्हारच्या शकील सुताराने दारं केली होती, पलंग केले होते, बैलगाड्यांची चाकं केली होती. होडीला मात्र कधी हात लावला नव्हता. अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात एक ट्रक त्याच्या दुकानापुढे थांबला. वर पालथी घातलेली, रंग उडालेली मासेमारीची होडी होती. ड्रायव्हर रस्ता चुकला असावा, असंच शकीलला वाटलं.

ट्रकमधून चाळिशीची एक बाई उतरली. "मी माघी, पोशेऱ्याची. हिच्या दोन फळ्या कुजल्यात. बदलून दे, भाय."

"होडी घेऊन डोंगरात काय करणार, बाई?"

"आमच्या पाड्याखाली धरणाचं पाणी हाय. त्यात मासे हायेत. होडी तेवढी नव्हती."

होडी ट्रकवरून उतरेपर्यंत शकीलला सगळी हकिगत कळली. माघी आणि तिचा नवरा फागू बारा वर्षं भात झोडून झालं की किनाऱ्यावर उतरत. फागू बोटीवर खलाशी, माघी हिरीबाय नावाच्या कोळिणीकडे मासळी सुकवायला. हिरीबायच्या मुलांनी इंजिनाची बोट घेतली आणि बापाची वल्ह्याची होडी वाळूत पडून राहिली. ती फोडून जळणाला काढायची बोलणी सुरू झाली, तशी माघी हिरीबायपुढे जाऊन उभी राहिली. "यंदाची मजुरी नको. होडी दे."

हिरीबाय आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर दोन वल्ही आणि एक जाळं तिने आपल्या हाताने दिलं. फागूने कपाळाला हात लावला खरा. पण गवत उतरवून रिकामा परतणारा हा ट्रक त्यानेच गाठला होता.

शकीलने कुजक्या फळ्यांच्या जागी सागाच्या फळ्या बसवल्या. बाकीच्या फळ्या उन्हाने आखडल्या होत्या. सांध्यांतून उजेड दिसत होता. त्याच्या दारांच्या फटीत केस जात नसे. त्याने पाचरी तासायला घेतल्या, तर माघीने त्याचा हात धरला.

"पाचर मारू नको, भाय. लाकूड तहानेलं हाय. पाणी प्यालं की फुगल, नि तुझी पाचर फळी फोडल. कापूस तेवढा भर."

तिने कापसाच्या वाती वळल्या, राळेच्या तेलात बुडवल्या आणि हलक्या हाताने फटींत कशा ठोकायच्या ते दाखवलं. वीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला हे झोंबलं. तरी तिने सांगितलं तसं त्याने केलं, आणि राहवेना म्हणून ट्रकबरोबर पोशेऱ्यालाही गेला.

पाड्यातल्या वीस जणांनी होडी काठापर्यंत वाहून नेली. माघीने तिच्यात दगड भरले, उथळ पाण्यात ढकलली आणि चक्क बुडवली.

"सालभराची मजुरी पाण्यात घातली!" फागूचा भाऊ जिवा ओरडला. लोक हसले. माघी रोज सकाळ-संध्याकाळ कमरेएवढ्या पाण्यात उतरे आणि सांध्यांवरून बोटं फिरवी.

इकडे जव्हारला परतलेल्या शकीलचं कामात लक्ष लागेना. सहाव्या दिवशी तो जीप धरून परत आला. दगड काढले, पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली आणि तरंगली. शकीलने वाकून सांधे पाहिले. नखसुद्धा शिरत नव्हतं. एका ठिकाणीच थेंब थेंब पाणी येत होतं, तेही त्याने बसवलेल्या फळीपाशी. तो ओशाळला.

"नवी हाय ती अजून," माघी म्हणाली. "शिकल."

पुढच्या हिवाळ्यात हिरीबाय मुद्दाम घाट चढून आली. माघीने तिला होडीत बसवून मधोमध नेलं. म्हातारीने ओंजळभर पाणी चाखलं, फळीवरून हात फिरवला आणि होडीला म्हणाली, "जन्मभर खाऱ्यात राबलीस गो. आता पी गोडं."

त्या होडीने मासे दिले, पलीकडचे भाताचे भारे आणले, आजारी माणसं या काठाला पोचवली. उतारूला माघीने कधी नाही म्हटलं नाही. पावसाच्या तोंडाला मासळी अंड्यावर आली की मात्र ती होडी काठावर ओढून ठेवी. जिवाने एकदा त्या दिवसांत जाळं मागितलं. तिने भाकरी वाढली, जाळं दिलं नाही.

पाच-सहा वर्षांनी गावात मच्छीमारांची संस्था निघाली. कागद भरणाऱ्याने सवयीने होडीपुढे फागूचं नाव घातलं.

"ते खोडा," फागू म्हणाला. "मी वल्हं मारतो. होडी तिची हाय."

नंतर पाड्यात आणखी दोन जुन्या होड्या आल्या. त्या पारखायला किनाऱ्यावर माघीच गेली, शेजारच्या पुतळीला आणि चिमीला बरोबर घेऊन. फळी ठोकून आवाज कसा ऐकायचा हे त्या दोघी तिच्याकडून शिकल्या. येताना तिन्ही बायका ट्रकमध्ये होडीखालच्या सावलीत बसून घाट चढल्या, आणि जव्हारात शकीलने हातातलं काम ठेवून त्यांच्यासाठी चहा सांगितला.