वाळूच्या बोटीवरचा मुक्काम

गावात अजून सांगतात, माझ्या धाकट्या भावानं लॉकडाऊनमध्ये आम्हा नवरा-बायकोला घरात घेतलं नाही आणि नदीवर ठेवलं. हे खोटं आहे. भाऊ गेला, म्हणून आता मीच लिहितो.

पुण्याहून, मुलाच्या घरून आम्ही निघालो ते हुपरीला, बायकोच्या आजारी आईला भेटायला. वाटेत माझ्या गावात एक रात्र कुणाकडं तरी थांबून पुढं जायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तोवर लॉकडाऊन लागला, वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. हुपरीची शीवही बंद झालेली. माझ्या वाटणीचं घर मी कधीच विकलेलं. भाऊ म्हणाला, "दादा, गोठ्यावरची खोली झाडून ठेवलीया. या की."

पण वाटणीच्या भांडणात मी देवळातला भंडारा उचलून शपथ घेतली होती, त्याचा उंबरा ओलांडणार नाही. मी ओळखीच्या एका वाळूवाल्याची बोट मागितली. उपसा बंद, बोट पंचगंगेच्या काठाला बांधलेली, वर मजुरांची पत्र्याची खोली. दुपारी पत्रा तापे, रात्री डास. बायको पिशवी भरून ठेवायची. लोक सोमवारी रस्ता सुटणार म्हणायचे, मग पास लागणार म्हणायचे, की ती पिशवी सोडून परत भरायची.

डबा भावाच्या घरचा येई. काठावरच्या दगडावर ठेवून तो लांब उभा राही. "मासं तरी धरा की दादा, नुसतं बसून काय करताय?" मी त्याची भाकरी खात होतो. शपथ उंबऱ्याची होती, भाकरीची नव्हती, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आमची विलगीकरणाची मुदत संपली. बायको पलीकडच्या घाटावर धुणं धूत होती, तेव्हा तो आला. "वैनीस्नी दुधाच्या टेम्पोतनं सोडतो हुपरीला. दुधाची गाडी कोण अडवत न्हाय. म्हातारीचं काय खरं न्हाय, दादा."

"तुझ्या गाडीत ती बसायची न्हाय."

"वैनीस्नी तरी इचारा."

"इचारलंय."

विचारलं नव्हतं. शपथेचंही कारण नव्हतं. पाहुण्यांच्या दारात बायको भावाच्या टेम्पोतून उतरली असती, तर गावात माझं काही उरलं नाही हे त्यांना कळलं असतं. मला तेवढंच नको होतं. ती धुणं घेऊन आली तेव्हा मी सांगितलं, "टेम्पोत न्यायला तो नको म्हणतोय. भितोय."

त्याच आठवड्यात म्हातारी गेली. मोबाईलवर तिचं तोंड दाखवलं, तेही नीट दिसलं नाही.

बायको पुन्हा भावाशी बोलली नाही. तो कारण विचारत राहिला, मी म्हणालो, बायकांचं असतंय. मागल्या वर्षी तो वारला, तेव्हा ती गेली नाही. "त्यांनी मला आईचं तोंड बघू दिलं न्हाई," म्हणाली. मी मात्र मयताच्या निमित्तानं त्याचा उंबरा ओलांडला.

परवा तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं जुडी बाजूला ठेवली.

"टेम्पो रोज जायचा?"

"रोज."

"आणि ते न्यायला तयार होते?"

"व्हय."

काल ती सकाळच्या एसटीनं जावेकडं गेली. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही यायचं न्हाई." अजून आलेली नाही. फोन केला तर भावजय उचलते, आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते.