पिशवी काढायच्या आधी

आमच्या घरातल्या बायकांना पाळीत 'जास्त जाणं' नाकाडोळ्यांसारखं वारशानंच मिळायचं. आईचं तसंच, मावशीचंही तसंच. त्यामुळे मी त्याला आजार समजतच नव्हते.

मी रेल्वेत तिकीट तपासनीस. भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि तिथल्या सोडाला भागात स्थिरावलो. चाळिशी ओलांडल्यावर पाळीत इतकं जायला लागलं की तासाभरात पॅड भिजायचं. गाडीवरची ड्युटी झेपेना, म्हणून मी स्टेशनातलं बैठं काम मागून घेतलं.

एकदा घरचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवरच बसले. जयपुरातच वाढलेली माझी मुलगी धावत आली. "आई, हे नॉर्मल नाही आहे! मतलब, किती सहन करणार तू?"

जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "पिशवी काढून टाक एकदाची."

मी त्यालाही तयार होते. पण आदर्श नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "रक्ताच्या गाठी पडतात? रात्री उठून पॅड बदलावं लागतं?"

"ते तर सगळ्यांचंच असतं ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं नसतं."

मला तिथंच रडू कोसळलं. इतकी वर्षं मी स्वतःलाच नाजूक म्हणून हिणवत होते.

तपासणीत अंगातलं रक्त खूपच कमी निघालं. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. तो रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गेलं नाही. कॅन्सर नव्हता. पिशवीत एक लहानशी साधी गाठ होती.

"पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. त्याआधी बरंच काही करता येतं," बाई म्हणाल्या. त्यांनी शिरेतून लोह दिलं आणि तांबीसारखंच, पण हार्मोन सोडणारं साधन आत बसवलं. सुरुवातीचे महिने थोडं थोडं जातच राहिलं. मी वैतागले. त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर धरला. मग एकदा पाळी आली आणि गेली, मला कळलंसुद्धा नाही!

मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "मला गाडीवर पाठवा."

"झेपेल?"

"पाठवून तर बघा."

जोधपूरच्या गाडीत काळा कोट चढवून डब्यामागून डबे तपासत गेले. फुलेऱ्याच्या पुढे एका विनातिकीट प्रवाशानं हुज्जत घातली. उभ्याउभ्या मी त्याच्याशी अशी कडाडून भांडले की सोबतचा सहकारी बघतच राहिला. दंडाची पावती फाडून मी पुढच्या डब्यात शिरले. दम लागला नव्हता, आणि हसू काही आवरत नव्हतं.