पोराची उंच गाडी
जुन्या गाडीची चेन पुसायले रॉकेल काढलं की मले पोराची ती उंच, पहाडात चालवायची नवी गाडी आठवते. "बाबा, तुमच्यानं नाही झेपत ही," म्हणून तो आंघोळीले गेला. तो बाहेर निघायच्या आत सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत चक्कर मारून दाखवायचीच होती. गाडी सुरू व्हायची, पण गिअर टाकला की बंद. पॉलिश पेपर घेऊन प्लग घासायले बसलो, तर प्लगच सापडेना. तेवढ्यात बायको दारातून ओरडली, "अवो, स्टँड उचला न आधी!" उचललं, आन् गाडी निघाली. माही जुनी गाडी स्टँड खाली असलं तरी पळते, रस्त्यावरचे लोक "काका, स्टँड!" म्हणून ओरडतात. ह्या नव्या गाडीले तर स्टँड खाली आहे हे समजत होतं, म्हणूनच बंद पडत होती, मग ती बोलली काहून नाही, हे मले अजून समजलं नाही.