एदविजचं बोलणं

रोलांदला मॉन्ट्रिऑलच्या रंगभूमीवर नऊ वर्षं झाली होती, तरी रस्त्यात तिला कुणी ओळखत नव्हतं. ट्रे घेऊन येणाऱ्या मोलकरणी, निरोप देऊन जाणाऱ्या शेजारणी, असलीच कामं. मग टेलिव्हिजन आला आणि एका मालिकेत तिला चोंबड्या टपालवालीची भूमिका मिळाली.

"बाई, जरा मजा आणा की!" पहिल्याच तालमीला दिग्दर्शक वैतागला.

रोलांदच्या तोंडून थोरल्या बहिणीचं बोलणं बाहेर पडलं. एदविज 'प'वर अडायची, डोळे गच्च मिटायची, आणि शब्द सुटला की उरलेलं वाक्य एका दमात संपवायची. स्टुडिओ खो-खो हसला. महिन्याभरात अख्खा क्वेबेक हसायला लागला.

एदविज तिकडे मातान या त्यांच्या गावी कापडाचं दुकान चालवायची. नवीन वर्षाला रोलांद घरी गेली, तेव्हा एदविज गिऱ्हाइकाला भाव कागदावर लिहून दाखवत होती.

"घसा बसलाय का गं?"

उत्तर आईनं दिलं. "घसा कशाला बसतोय! तोंड उघडलं की चर्चच्या पायरीवर पोरं 'टपालवाली, टपालवाली' ओरडतात. सप्टेंबरपासून दुकानात बोललेली नाही ती."

काम सोडायचं, असं रोलांदनं तिथंच ठरवलं. पण परतल्यावर तिचं नाव जाहिरातीत सगळ्यात वर आलं, आणि ती आणखी चार वर्षं पडद्यावर तशीच अडखळत राहिली. आईला फोन करायची. एदविजला बोलाव म्हणायचा धीर झाला नाही.

मालिका संपली. रंगभूमीवर तिला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. तिनं एदविजला तिकीट पाठवलं आणि एदविज खरंच आली. दुपारचा खेळ संपल्यावर दोघी समोरच्या खानावळीत बसल्या.

"प... प... पाव आणि वाटाण्याचं सूप," एदविज म्हणाली.

वेटरनं रोलांदला ओळखलं होतं. "वा, मादाम! यांना तर तुमच्यापेक्षा झकास जमतंय!"

"ही माझी बहीण. नक्कल मी केली, हिला न विचारता."

वेटर लाल होऊन निघून गेला.

"प... पण हे इथं सांगून काय उपयोग? गावात सांग ना."

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर रोलांद मातानच्या चर्चच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. लोकांना वाटलं, नाटकातलाच प्रवेश. त्यांनी टाळ्या वाजवल्या. रोलांदला तोंड कुठं लपवावं कळेना.

एदविज पुन्हा बोलायला लागली, पण जुन्या दोन-तीन गिऱ्हाइकांशीच. बाकीच्यांसाठी ती अजून लिहूनच दाखवते.