तांब्याच्या घागरीतलं पाणी

सई आणि मिहिर,

हे फोनवर सांगायला गेले असते तर मी मध्येच विषय बदलला असता, म्हणून लिहिते आहे. गेल्या आठवड्यात सईने घरच्या ग्रुपवर मामाआजोबांविषयी चार ओळी लिहिल्या. छान लिहिल्या. पण त्यात एक वाक्य होतं, की मित्राने दिलेल्या खराब पाण्यामुळे मामाआजोबांचा समुद्र मेला. सगळ्यांनी त्याखाली हात जोडले. मीही जोडले, आणि मग फोन पालथा ठेवून बसून राहिले. ते वाक्य खोटं आहे. घरात हे फक्त मला माहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाला, तुमच्या मामाआजोबांना, अरविंदला, जाऊन परवा पाच आठवडे झाले. सकाळी त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी रिक्षाने पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घाटावर एक माणूस लांब, झाडाखाली एकटा उभा होता. आपल्यापैकी कोणी त्याच्याशी बोललं नाही. तो सुधाकर. सईने लिहिलेला मित्र तोच.

अरविंदने लग्न केलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने बैठकीच्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी बसवली आणि तिच्यात खारं पाणी भरून, जिवंत प्रवाळं लावून समुद्र केला. नागपुरात समुद्र! मे महिन्यात प्रवाळांच्या खोलीत एसी आणि हा स्वतः आत कूलरपुढे झोपायचा. मी हसायचे, तेव्हा तो मला इतरांच्या टाक्या बघायला घेऊन जाऊ लागला. एक रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, भिंतभर. पण खरी टाकी सुधाकरची, गावाबाहेर हिंगण्याला. अरविंद तिथे दर रविवारी जायचा. बाहेर पत्र्याची शेड, आत दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत बारा-पंधरा वर्षं वाढवलेली प्रवाळं. मी तोवर प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं एवढंच जाणत होते. इथे मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे होते, पाण्याबरोबर डुलणारी जांभळी बोटं होती, आणि फुलकोबीएवढं एक गुलाबी काहीतरी, ज्याची हजार तोंडं दिवा लागल्यावर हळूहळू उघडत गेली... मी काचेला बोट लावलं तर सुधाकर म्हणाला, "बोट नोका लावू ताई, लाजतेत ते."

तो तिथल्या एका कारखान्यात मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचा. मूळचा भिवापूरचा, मिरचीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने चहा दिला. मी तो अर्धा ठेवला, कपाची कड मला स्वच्छ वाटली नाही म्हणून. हेही लिहितेच आहे, कारण पुढचं त्यातूनच सोपं झालं.

दोन वर्षांपूर्वी अरविंदच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि दहा दिवस टाकी सांभाळायला मी त्याच्या घरी राहिले. उन्हाळा होता, पाणी भराभर उडायचं. खारं पाणी बदलायचं काम सुधाकरचं. तो ड्रममध्ये कालवून कॅन आणून द्यायचा. माझं काम एवढंच, की उडालेल्या पाण्याच्या जागी रोज सकाळी निळ्या कॅनमधलं शुद्ध गोडं पाणी खुणेपर्यंत ओतायचं. अरविंदने कागदावर लिहून दिलं होतं, शेवटी अधोरेखित, की धातूचं भांडं वापरू नकोस. पण प्लास्टिकच्या कॅनमधलं शिळं पाणी माझ्या मनाला पटेना. धातू म्हणजे लोखंड, गंजतं ते, असा अर्थ मी लावला. तांब्याला मी त्यात धरलंच नाही. तांबं म्हणजे देवाच्या अभिषेकाचं. आपण घरात रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणीच पितो. मी माझ्या घरून घागर आणली, रोज चिंच-मीठ लावून लख्ख घासली, रात्री त्या कॅनमधलं पाणी तिच्यात भरलं आणि सकाळी टाकीत ओतलं. दहाही दिवस. मला वाटलं, मी सांगितल्यापेक्षा जास्तच करते आहे.

अरविंद घरी आला तेव्हा प्रवाळं मिटली होती. आठवड्यात ती पांढरी पडली, मग त्यांचं मांस सुटून पाण्यात तरंगू लागलं. त्याने पाणी तपासलं, सुधाकरला बोलावलं. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं.

"पाणी कोणत्या ड्रमातलं दिलं गा?" अरविंदने विचारलं.

"रोजच्याच."

"मंग त्यात तांबं कुठून आलं?"

"माह्या हाताले लागून आलं म्हणतं काय?"

"मी नाही. तूच म्हणून राहिला."

तांब्याचा कणही त्या जीवांना विष असतो हे मला त्या क्षणी कळलं. घागर माझ्यासमोर ओट्यावर होती, नुकतीच घासलेली. मी ती उचलली आणि ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे ठेवली. अरविंदने मला काही विचारलं नाही. ताई सांगितलेलं अक्षरशः पाळते, यावर त्याचा विश्वास होता. सुधाकर उठून गेला. पुढे त्याने दोनदा फोन केला, अरविंदने घेतला नाही.

त्यानंतर अरविंदने टाकीत पाणी भरलं नाही. मला दोन वर्षं मिळाली होती. दर रविवारी मी त्याच्याकडे जेवायला जायचे. एकदा म्हणालेसुद्धा, सुधाकरची चूक नसेल रे कदाचित... तो म्हणाला, "तू चांगली आहेस म्हणून तुला तसं वाटतं." मी आमटी वाढली. आजारी माणसाला धक्का नको, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं असं, की मोटारी बांधणाऱ्याच्या हातावर तो दोष बरा बसत होता आणि माझ्यासारख्या मुख्याध्यापिकेच्या हातावर बसला नसता.

सईचं वाक्य वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी हिंगण्याला गेले. सगळं सांगितलं, घागर लपवल्याचंही. सुधाकर खाली बघत ऐकत होता.

"शाळेत तुमी लेकरायले खरं बोलाले शिकवत असान ना, ताई?"

मी हो म्हटलं.

"प्रवाळं मेले त्याचं काही नाही. सगळ्यायच्याच मरतेत. पण तवाच सांगतलं असतं तं तो आला असता माह्याकडे. दोन वर्सं मी रविवारी दार लावलं नाही."

मी क्षमा मागितली. त्याने दिली असं मला वाटत नाही, आणि मी विचारलंही नाही. चहा आला, तो मी पूर्ण प्यायले. निघताना त्याने टाकीच्या डाव्या कोपऱ्यातलं एक हिरवं प्रवाळ दाखवलं, जेवायच्या ताटाएवढं. भांडणाच्या आधी अरविंदने त्याला आपल्या टाकीतला अंगठ्याएवढा तुकडा तोडून दिला होता, त्याचं ते झालं होतं.

सई, ग्रुपवरचं ते वाक्य काढून टाक आणि त्या जागी हे सगळं घाल, माझ्या नावासकट. अरविंदच्या समुद्रातलं एक प्रवाळ जिवंत आहे. ते सुधाकरच्या घरी आहे.