वीणा खाली ठेवायची नसते

आमच्या पुंडलिकनगरच्या मंदिरात सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून काढायची आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पुढचा माणूस आला नाय तर आधीच्यानं तिथंच उभं राहायचं, मग पायाला मुंग्या येवोत नाहीतर पोटात कळ. हा नियम आमच्या कॉलनीत लई कडक. बाकीचे नियम जरा सैल आहेत.

माझ्या शेजारणीचा नवरा मंदिराचा सेक्रेटरी. गोड गळा, कपाळाला बुक्का, आणि घरी गेला की बायकोला मारायचा. आमची भिंत एकच, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. मी काय करायची? टीव्हीचा आवाज वाढवायची. खोटं कशाला सांगू.

भजनी मंडळातल्या आम्ही बायका मात्र तिच्यासाठी झटलो बरं का. कुणी तिला सोमवार धरायला सांगितला, कुणी मंगळवार, कुणी गुरुवार, कुणी शुक्रवार, कुणी रविवार आणि वर संकष्टी. मी स्वतः शनिवार दिला. शेवटी पोटभर जेवायला तिच्याकडं बुधवार तेवढा उरला. नवऱ्याला एखादा उपास सांगावा, हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाय.

दोन वर्षांमागं ती धीर करून कमिटीपुढं गेली. मी सोबत होते. अध्यक्ष म्हणजे रिटायर हेडमास्तर. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, सप्ताह तोंडावर आलाय. एवढा होऊ द्या, मग बसू." सप्ताह झाला तोवर श्रावण लागला. श्रावण संपला, गणपती आले. पितृपक्षात असले विषय काढू नयेत म्हणे. मग नवरात्र. एवढ्या मोठ्या कॅलेंडरात मार खाणाऱ्या बाईसाठी एक रिकामी तारीख निघाली नाय, आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाय.

यंदा सप्ताहाच्या चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मनगट सुजून टम्म झालेलं. हळूच म्हणाली, "काकू, आज दहा ते बारा ह्यांचा पहारा हाय. मी लेकीला घेऊन सोयगावला जाते, आईकडं. आता राहिले तर वाचत नाय मी. पण शाळा बाराला सुटती, त्याआधी पोरीला सोडत नायत."

गोची माझ्या लक्षात आली. शाळा बाराला सुटणार आणि तो पण बाराला सुटणार. लेकीला घेऊन बसस्टँड गाठायला अर्धा तास तरी पाहिजे. आणि बाराचा पहारा कुणाचा, तर आमच्याच ह्यांचा!

"तू जा," मी म्हणाले. "बाकीचं मी बघते."

आमचे हे चष्म्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. साडेअकराला ते आंघोळीला गेले आणि मी चष्मा हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात पुरला. मग जो तमाशा सुरू झाला!

"अगं, इथंच ठेवला होता!"

"बघा की नीट डोळ्यांनी!"

"डोळ्यांनी दिसत नाय म्हणूनच तर शोधतोय ना!"

मी पलंगाखाली शोधलं, देवघरात शोधलं, फ्रिज उघडून शोधलं. इतकं मन लावून मी आयुष्यात कधी काही शोधलं नव्हतं.

तिकडं लाऊडस्पीकरवरून तिच्या नवऱ्याचं "राम कृष्ण हरी" अख्ख्या कॉलनीत घुमत होतं. तो आवाज येतोय तोवर तो जागचा हलत नाय, एवढं पक्कं होतं. जन्मात पहिल्यांदा त्याचा गळा मला गोड लागला. सव्वाबाराला सूर चिडका व्हायला लागला. "राम" म्हणताना तो दातओठ खातोय, हे स्पीकरवर सुद्धा कळत होतं. आणि मग पाऊणच्या सुमाराला एकदम "धप्प" असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुमच्या घराला कुलूप हाय, बायको बॅग घेऊन गेली. दोन मिनिटांत तो धापा टाकत आमच्या दारात. "कुठं गेली ती?"

"आम्ही चष्मा शोधतोय," मी म्हणाले. तेवढ्यात हातातला फोन वाजला. पलीकडून ती एवढंच बोलली, "काकू, गाडी सुटली." मी म्हणाले, "बरं, बरं, गॅस उद्या आणून दे." आणि आत जाऊन डाळीचा डबा उघडला.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. श्रावण नाय, पितृपक्ष नाय, चालू सप्ताहात बसली! चांगली अडीच तास. वीणा खाली ठेवली! लोकांचा संताप मावत नव्हता. दोघं तर त्याच्या अंगावर धावून गेले. सेक्रेटरीपद काढून घेतलं, पुन्हा वीणेला हात लावायचा नाय म्हणून तंबी दिली. इतकी वर्षं त्यानं बायकोला हात लावला, त्याबद्दल एक चकार शब्द नाय.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा मला फोन. प्रायश्चित्ताची पूजा करावी लागेल, ती जोडीनं बसूनच होते, तर तुम्ही त्याच्या बायकोला एक दिवसापुरतं बोलावून घ्या. माझं डोकंच सणकलं. मी म्हणाले, "मास्तर, सप्ताह तोंडावर आलाय. एवढा होऊ द्या, मग बसू."

"अहो, सप्ताह चालूच आहे की!"

"मग तर बोलूच नका," मी म्हणाले आणि फोन कट केला.

हे सगळं तिला सांगायला मी फोन लावला. तिनं तिकडं पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. मी हसून हसून सांगत होते, पण ती हसली नाय. म्हणाली, "काकू, वीणेला कुठं लागलं का हो?"

"नाय गं. सतरंजी होती खाली."

"बरं झालं," ती म्हणाली. खरंच काळजीनं म्हणाली.

सहा वर्षं एका भिंतीच्या आडोशानं राहिलो. मी तिला शनिवार दिला, अंगारा दिला, आणि एवढा साधा प्रश्न तिला कधी विचारला नाय. लाज वाटली मला माझीच.

"आणि तुला गं?" मी म्हणाले. "तुला कुठं कुठं लागलंय?"

ती सांगायला लागली, पहिल्या वर्षापासून. गॅसवर भाजी करपत होती, तरी मी फोन खाली ठेवला नाय.