रिकाम्या ग्लासाचा वास

अख्खं ऑफिस तिला मावशी म्हणायचं. फक्त तिच्या सख्ख्या भाचीला, ऑफिसात असेपर्यंत, ‘मॅडम’ म्हणावं लागायचं. हा नियम मावशीनंच केलेला. तिचे नियम पुष्कळ होते. वाइन चाखण्याच्या दिवशी कुणी अत्तर लावायचं नाही, आणि एकदा दिलेलं मत परत घ्यायचं नाही. दुसरा नियम आला लिंबूरावांमुळे. हे पेढीचे दुसरे चाखणारे. जगातल्या प्रत्येक वाइनमध्ये त्यांना आंबटपणा कमीच लागायचा, म्हणून हे नाव. पण बाटलीवरचं लेबल उघडं पडलं आणि नाव मोठं निघालं, की तोच आंबटपणा त्यांना अचानक सापडायचा. “मग जिभेला काय अर्थ राहिला?” असं म्हणून मावशीनं त्यांना लगाम घातला होता.

बाहेरून वाइन मागवून दुकानांना पुरवणाऱ्या या पेढीत ती टायपिस्ट म्हणून लागली. एकदा मालकांच्या वडिलांनी बाटली उघडली तेव्हा पलीकडच्या टेबलावरून ती म्हणाली, “ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” बूच खराब निघालं, आणि तिचं टायपिंग सुटलं. पुढे नवरा गेला, तेव्हा त्याचा वास घरातून कुठल्या दिवशी नाहीसा झाला, तेही तिला कळलं. लोक म्हणत, असं नाक म्हणजे वरदान.

बहिणीमागे भाची तिच्याकडेच वाढली. यंदा पेढीनं भाचीला पहिल्यांदा खरेदीला पाठवलं आणि तिनं फ्रान्सची एक लाल वाइन, बोर्दो, निवडून आणली. नव्या धाटणीची. मावशीचा जीव जुन्या धाटणीवर: तारुण्यात कडक, तुरट, कुणाला जवळ न करणारी, आणि वर्षं गेल्यावर हळूहळू उमलणारी. नव्या धाटणीला एवढा धीर नसतो. द्राक्षं खूप पिकू द्यायची, ओकच्या नव्या लाकडी पिंपांत मुरवायची, की वाइन दाट, मऊ, लगेच मैत्री करणारी होते. मालकांनी भाचीला सरळ सांगितलं होतं, “पसंत पडली तर खरेदी तुझ्याकडे. नाहीतर परत दुकानाचं काउंटर.”

चाखण्याच्या दिवशी टेबलावर बाटल्या कापडी पिशव्यांत लपवलेल्या, कुठली कुणाची ते कळू नये म्हणून पिशव्यांवर नुसते आकडे. भाचीनं पहिल्या पाच ओतल्या, सहावी मालकांवर सोडली आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मावशी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होती. म्हणूनच, ओतण्याआधी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगायची मावशीची सवय त्या दिवशी राहून गेली.

पहिल्या तीन वाइन सरळ गेल्या. चौथा ग्लास तिनं पांढऱ्या कागदावर तिरका धरला. रंग काठापर्यंत काळाजांभळा. काल जेवताना भाची बोलून गेली होती, “शाईसारखी आहे गं, मावशी. आणि कॉफीचा वास!” मावशीनं तिला तिथंच गप्प केलं होतं. पण तोंडातलं थुंकता येतं, कानातलं नाही.

तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला. पिकलेलं काळं फळ, कॉफी, आणि सगळ्यावर चढून बसलेलं लाकूड, रंधा मारल्यासारखं ताजं. तिनं बाजूच्या डब्यात थुंकलं. मनात एकच होतं: कुणी म्हणायला नको, की मावशीनं सांभाळून घेतलं.

“लाकडानं फळ खाल्लंय,” ती म्हणाली. “नापास.”

“माझंही तेच,” लिंबूराव म्हणाले. “शिवाय आंबटपणा...”

“कळलं,” मालक म्हणाले.



पाचवी वाइन तिच्या ओळखीची निघाली. जुन्या धाटणीची, पेढीकडे दरवर्षी येणारी. हिला नव्या पिंपाचा स्पर्शही नसतो. आणि हिलाही तोच रंध्याचा वास. सहावा ग्लास अजून रिकामा होता. तिनं तो नाकाशी नेला. कोरं प्लायवूड. पॉलिश.

तिनं ग्लास खाली ठेवला. बोललं, तर भाचीसाठी नियम मोडला असं होणार. गप्प बसलं, तर पोर उद्यापासून काउंटरवर. मालक सहाव्या बाटलीला हात घालत होते.

“थांबा. चौथीवरचं मत मी परत घेते.”

लिंबूराव खुर्चीत मागे रेलले. “वा! नियम आम्हाला आणि माया घरच्यांना? म्हणजे चौथी कुणाची ते ठाऊक आहे तर.”

“आहे ठाऊक. काल घरी तिच्या तोंडून निसटलं. सकाळीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आणि पक्षपात नको म्हणून उलट जास्तच कडक झाले.” तिनं ग्लास मालकांपुढे सरकवला. “हा हुंगा. रिकामाच.”

मालकांनी हुंगला. “हे तर सुतारकाम!”

“पहिल्या तीन वाइनचे ग्लास मांडणीतले होते,” दारातून भाची म्हणाली. “उरलेले मी नव्या कपाटात ठेवले होते. पालथे. धूळ बसू नये म्हणून.”

“घ्या!” लिंबूराव म्हणाले. “स्वतःच्याच वाइनला मुलीनं लाकूड पाजलं.”

मालक हसले नाहीत. “ग्लास धुऊन आणा, सगळे. मावशी, चौथीला तुमचं मत धरणार नाही.”

पुन्हा ओतलं गेलं. मावशी हात मांडीवर ठेवून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती. मालकांनी घोट घेतला, थुंकला, लिंबूरावांकडे पाहिलं. लिंबूराव गालातल्या गालात वाइन घोळवत राहिले. निकाल आता त्यांच्या मतावर अडला होता, आणि ते त्यांना चांगलं कळत होतं.

“आंबटपणा,” ते अखेर म्हणाले, “कमीच आहे.”

भाचीनं दाराची कडी घट्ट धरली.

“पण लाकूड मागे हटलंय. फळ पुढे आलंय, आणि तुरटपणा शेवटपर्यंत टिकतोय. घ्या.”

“घेऊ,” मालक म्हणाले. “पोरी, खरेदी तुझ्याकडे. ग्लासांना मात्र हात लावायचा नाही. आणि मावशी, यापुढे तिची बाटली असेल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर.”

मावशीनं मान हलवली. सगळे उठल्यावर तिनं चौथीचा एक घोट स्वच्छ ग्लासातून घेतला.

संध्याकाळी जिना उतरताना भाचीनं विचारलं, “मावशी, खरं सांग. कशी वाटली?”

“मला नाही आवडली.”

“अगं, मग?”

“चांगली आहे. आवडणं माझं माझ्यापाशी.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार नव्यानं रंगवलं होतं. दोघींनी एकदमच नाक वर केलं.